हीटर लावला की एमसीबी पडतो: मुंबईच्या कार्यालयांतील एका जुन्या तक्रारीचे निवारण

मुंबईतील कार्यालयांच्या विद्युत देखभालीचे काम करताना एक तक्रार मला वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते. टेबलाखालचा हीटर लावला की थोड्या वेळाने एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की आपोआप खाली येऊन वीज तोडणारा स्विच) पडतो, वर केला की सगळे सुरळीत चालते आणि दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास तो पुन्हा पडतो. बहुतेक ठिकाणी यावर दोनच उपाय झालेले असतात: एमसीबी बदलून मोठा बसवलेला असतो, किंवा हीटर दुसऱ्या सॉकेटला नेलेला असतो. या दोन्ही उपायांनी तक्रार थांबते, धोका मात्र वाढतो. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मुंबईत हीटर कशाला लागतो, असा प्रश्न बाहेरगावच्या माणसाला पडेल आणि तो योग्यच आहे. सांताक्रूझ वेधशाळेतील नीचांकी नोंद ७.४ अंश सेल्सिअसची, २२ जानेवारी १९६२ या दिवसाची आहे. एरवी जानेवारीतील पहाटही सोळा-सतरा अंशांच्या आसपासच असते. मुंबईच्या कार्यालयातील थंडी वातानुकूलनाची असते आणि ती जानेवारीपेक्षा जुलैत अधिक बोचते. लोकलमधून भिजून आलेला माणूस ओल्या कपड्यांनिशी डक्टच्या (एसीची हवा वाहून आणणाऱ्या नळाच्या) तोंडाखाली आठ तास बसतो, तेव्हा त्याने पायाशी हीटर ठेवला तर तो त्याचा हट्ट मानू नये. थंडी खरी आहे, हे आधी मान्य केले तरच पुढचा उपाय टिकतो. नुसती बंदी घातली की हीटर टेबलाखालून कपाटामागे जातो आणि तिथे तो कोणाच्याच नजरेस पडत नाही.

आधी हे करा

प्लग किंवा सॉकेट हाताला गरम लागत असेल, प्लास्टिक पिवळे किंवा काळे पडले असेल, चरचर आवाज येत असेल किंवा जळका वास येत असेल, तर कारण शोधत बसू नये. गरम प्लग हाताने उपटू नये. डीबीमधील (सगळे एमसीबी बसवलेल्या वितरण पेटीतील) त्या सर्किटचा एमसीबी खाली करावा, प्लग निवल्यावर काढावा आणि तो सॉकेट बदलून होईपर्यंत तिथे काहीही लावू नये. सॉकेट आतून एकदा तापून निघाला की त्याच्या पितळी पट्ट्यांचा ताण जातो, पकड सैल होते, आणि मग त्यावर लावलेले साधे उपकरणही त्याला पुन्हा तापवू शकते.

धूर किंवा ज्वाळा दिसल्यास वीज तोडावी, पाणी मारू नये, सीओटू किंवा एबीसी पावडरचे अग्निशामक वापरावे, मजला रिकामा करावा आणि १०१ वर दूरध्वनी करावा.

नेमके काय बंद पडते?

'लाइट गेली' एवढ्या माहितीवर निदान होत नाही. डीबीचे दार उघडून कोणता स्विच खाली आला आहे हे पाहावे लागते, कारण एमसीबी पडणे, आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडणे आणि हीटर आपणहून बंद होणे या तीन वेगळ्या तक्रारी आहेत व तिन्हींची कारणे वेगळी आहेत.

एमसीबी पडत असेल तर प्रश्न बहुधा लोडचा असतो. आपल्याकडे वीजपुरवठा २३० व्होल्टचा आहे. २००० वॉटचा हीटर त्यावर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. पंखा जोडलेला २४०० वॉटचा तेलाचा रेडिएटर सुमारे १०.४ अँपिअर घेतो. आता एक नेहमीचे उदाहरण घेऊ. १६ अँपिअरच्या एका एमसीबीवर दहा संगणक आहेत आणि पडद्यासह प्रत्येकी सुमारे १५० वॉट धरले, तर त्यांचे साडेसहा अँपिअर झाले. एक हीटर लागला की बेरीज १५.२ अँपिअरवर जाते आणि सर्व काही ठीक चालते. शेजारच्या टेबलावरील दुसरा हीटर लागला की ती २३.९ होते.

असे झाले तरी एमसीबी त्याच क्षणी पडत नाही आणि इथेच लोक गोंधळतात. प्रमाणित एमसीबीची रचनाच अशी असते की आपल्या क्षमतेच्या १.१३ पट प्रवाह त्याने किमान तासभर न पडता वाहू द्यावा आणि १.४५ पट प्रवाहाला तासाभराच्या आत पडावे. १६ अँपिअरच्या एमसीबीसाठी हे आकडे सुमारे १८ आणि २३.२ असे येतात. म्हणजे २३.९ अँपिअरला तो वीस मिनिटांनी पडेल किंवा पन्नास मिनिटांनी, पण पडेल. सकाळी दहाला आलेली मंडळी हीटर लावतात आणि अकराच्या आत मजल्याचा एक कोपरा अंधारात जातो, त्याचे कारण हे आहे. डीबी बंद, कोंदट कपाटात असेल तर एमसीबी मुळातच गरम असतो आणि आणखी लवकर पडतो. तो बिघडलेला नसतो. आपले काम करत असतो.

याची खात्री करण्यासाठी वायरमनकडून टाँग टेस्टरने (वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाने) त्या सर्किटचा प्रवाह मोजून घ्यावा: एकदा हीटर बंद असताना, एकदा एक हीटर चालू असताना, आणि एकदा सगळे चालू असताना. पाच मिनिटांचे काम आहे. त्याच वेळी त्या एमसीबीवर प्रत्यक्षात कोणकोणते सॉकेट आहेत याचा कागद तयार करून डीबीच्या दारात चिकटवावा. अनेक कार्यालयांत टेबलांची रचना चार वेळा बदललेली असते आणि डीबीवरील नावे मात्र पहिल्या रचनेची राहिलेली असतात.

१६ चा एमसीबी काढून २५ किंवा ३२ चा बसवणे ही या सगळ्यातली सर्वांत घातक दुरुस्ती होय. एमसीबी भिंतीतल्या वायरीच्या संरक्षणासाठी असतो. वायर तीच जुनी, अडीच चौरस मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक ठेवून एमसीबी मोठा केला, तर पडण्याचे काम एमसीबीकडून काढून जळण्याचे काम वायरीकडे दिले जाते. असा बदल पूर्वी कोणी करून ठेवला असल्यास तो आधी उलटवावा.

एमसीबी जागेवर असेल आणि आरसीसीबी पडत असेल तर प्रवाह कुठेतरी गळत आहे. माणसाच्या संरक्षणासाठी बसवलेला आरसीसीबी सामान्यतः ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडतो. मुंबईत याचे ठरावीक कारण दमट हवा हे आहे. हीटरच्या नळीसारख्या एलिमेंटमध्ये तार आणि बाहेरची धातूची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते, आणि ही पूड ओल शोषते. महिनोन्महिने स्टोअर रूममध्ये पडून राहिलेला हीटर बाहेर काढून लावला की पहिल्याच मिनिटात आरसीसीबी पडतो. असा हीटर पुन्हा पुन्हा लावून पाहू नये. मेगर या इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने त्याचे इन्सुलेशन तपासून घ्यावे आणि वाचन समाधानकारक नसेल तर तो सरळ भंगारात द्यावा. प्लगमधील अर्थची हिरवी वायर सोडवून ठेवली की आरसीसीबी पडत नाही, हे मी काही ठिकाणी अभिमानाने सांगितलेले ऐकले आहे. अर्थ सोडवल्याने गळती थांबत नाही; तिला जमिनीकडे जायला एकच वाट उरते आणि ती हीटरला हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून जाते.

हीटर मधूनच बंद होऊन काही वेळाने पुन्हा लागत असेल तर बहुधा त्याचा थर्मोस्टॅट किंवा अतितापरोधक स्विच काम करत आहे. टेबलाच्या पुढच्या फळीला टेकवून ठेवलेला ब्लोअर स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढतो आणि बंद पडतो. मागच्या जाळीवर साठलेल्या धुळीनेही तेच होते. प्लग काढून, हीटर निवल्यावर, ब्रशने ती जाळी स्वच्छ करावी. हीटर मुळात चालूच होत नसेल तर तो कलंडल्यास वीज तोडणारे तळाचे बटण नीट दाबले जात नसेल; मऊ कार्पेटवर असे होते. त्यावर चिकटपट्टी लावून बटण कायमचे दाबून ठेवलेले हीटर मी पाहिले आहेत. ते बटण निकामी केलेला हीटर दुरुस्त करून वापरू नये, काढून टाकावा.

यूपीएसच्या सॉकेटवर हीटर लावला गेला तर चौथा प्रकार घडतो: यूपीएस ओव्हरलोड दाखवतो आणि त्यावरचे सगळे संगणक एकदम बंद होतात. यूपीएसचे सॉकेट वेगळ्या रंगाचे ठेवून त्यांवर 'फक्त संगणक' असे लिहून ठेवावे.

काहीच पडत नाही तेव्हा

आतापर्यंत सांगितलेल्या तक्रारींत निदान काहीतरी पडते आणि कोणीतरी वायरमनला बोलावतो. मला जास्त काळजी वाटते ती काहीच न पडणाऱ्या जागांची.

फोर्टमधील एका जुन्या इमारतीत असलेल्या कार्यालयाची देखभाल माझ्याकडे होती. जुलैमधील एका संध्याकाळी तिथे साफसफाई करणाऱ्या मावशींनी मला थांबवले. "दादा, त्या कोपऱ्यात सुकटीसारखा वास येतोय, आणि आज तर कोणी मासळीचा डबा आणलेला नाही," असे त्या म्हणाल्या. फायलींच्या कपाटामागे एक एक्स्टेन्शन बोर्ड होता. त्यात ब्लोअरचा प्लग होता, ब्लोअर चालू होता, त्याचा मालक घरी गेलेला होता आणि बोर्डाचा एक सॉकेट मेणासारखा ओघळून प्लगला चिकटला होता. मागे कागदांचे गठ्ठे होते. डीबीतील १६ अँपिअरचा एमसीबी शांतपणे वर होता आणि तो चाचणीत पूर्ण निर्दोष निघाला. आदल्या महिन्यात मी त्याच कोपऱ्यातून दोन वेळा फिरलो होतो आणि कपाटामागे पाहिले नव्हते, याची टोचणी मला आजही आहे.

हे कसे घडले ते समजून घेणे आवश्यक आहे. आपल्याकडे ६ आणि १६ अँपिअरचे प्लग वेगवेगळ्या आकाराचे असतात. १६ च्या जाड पिना ६ च्या सॉकेटमध्ये जातच नाहीत, आणि ही अडचण हेतुपुरस्सर ठेवलेली आहे. टेबलाजवळ सहसा ६ चेच सॉकेट असतात. म्हणून बाजारातून कन्व्हर्टर प्लग आणला जातो किंवा हीटरचा मूळ प्लग कापून ६ चा बसवला जातो. मग ६ अँपिअरसाठी बनवलेल्या संपर्कातून ८.७ अँपिअर वाहू लागतात. संपर्काच्या जागी निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह जवळजवळ दीडपट झाला की उष्णता दुपटीहून अधिक होते. त्यात मुंबईची खारी, दमट हवा पितळेवर थर चढवते, संपर्काचा रोध वाढतो आणि उष्णता आणखी वाढते. १६ च्या एमसीबीला मात्र ८.७ अँपिअर म्हणजे त्याच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास दिसतात. त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. तो अशा आगीपासून संरक्षण देऊच शकत नाही, कारण ती जागा तापल्याचे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड, स्पाइक गार्ड, मल्टिप्लग आणि कन्व्हर्टर यांवर हीटर लावू नये, या नियमाला मी कोणतीही सवलत देत नाही. बोर्डावर '१६ अँपिअर' छापलेले असले तरीही नाही, कारण आतील पट्टी आणि वायर तेवढ्या क्षमतेची आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. सुक्या मासळीसारखा वास डब्याचा नसेल तर तो तापलेल्या सॉकेटच्या प्लास्टिकचा असू शकतो, हे सफाई कर्मचारी, शिपाई आणि रात्रपाळीचे सुरक्षारक्षक यांना आवर्जून सांगून ठेवावे. कार्यालय रिकामे झाल्यावर तिथे तेच असतात.

थंडी कुठून येते ते शोधा

हीटरची सोय कितीही चांगली केली तरी थंडीचे कारण तसेच राहिले तर पुढच्या पावसाळ्यात दोनाचे चार हीटर होतात. आणि इथे एक विचित्र चक्र चालू असते. वातानुकूलनातील एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. २००० वॉटचे दोन हीटर चालू असले तर त्यांची उष्णता उपसण्यासाठीच एक टनाहून अधिक वातानुकूलन खर्ची पडते. हीटर जर एसीच्या थर्मोस्टॅटजवळ असेल, तर थर्मोस्टॅटला खोली गरम वाटते, एसी अधिक जोराने चालतो, इतर टेबलांवर थंडी वाढते आणि तिथली मंडळीही हीटर मागू लागतात.

पाहणीची सुरुवात तापमापकाने करावी. आर्द्रताही दाखवणारा साधा डिजिटल तापमापक काही शे रुपयांत मिळतो. तो तक्रार असलेल्या टेबलावर आठवडाभर ठेवून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी नोंद करावी. 'मला थंडी वाजते' या वाक्यावर व्यवस्थापन वाद घालते. 'या टेबलावर रोज चार वाजता २० अंश असतात' या नोंदीवर वाद घालता येत नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये व्यावसायिक इमारतींना २४ ते २६ अंशांचा सल्ला दिला होता, आणि १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेल्या खोलीच्या एसींमध्ये २४ अंश हे सुरू करताच आपोआप लागणारे तापमान ठेवणे आवश्यक केले आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबाने एसीचे तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. खर्चाची भाषाच कळणाऱ्या ठिकाणी हा आकडा उपयोगी पडतो. रिमोटवर १८ लावल्याने खोली लवकर थंड होते हा समजही दूर करावा लागतो. साध्या एसीत तसे होत नाही, फक्त तो १८ पर्यंत थांबत नाही.

नोंदीत एखाद-दोन टेबलेच थंड निघाली तर दोष हवेच्या झोताचा आहे. कॅसेट एसीच्या त्या बाजूचे पाते वळवता येते. डक्ट असेल तर डँपर, म्हणजे त्यातील हवा कमी-जास्त करणारी झडप, थोडा आवळता येतो. आणि टेबलच तीन-चार फूट सरकवणे हा बिनखर्चाचा, म्हणूनच बहुधा दुर्लक्षिलेला उपाय आहे. हवेच्या जाळीवर पुठ्ठा मात्र चिकटवू नये. मुंबईच्या दमट हवेत थंड जाळीच्या आसपास पाणी सुटते आणि ते टेबलावर, नाहीतर टेबलाखालच्या बोर्डावर ठिबकते.

सगळाच मजला थंड असेल तर कारण बरेचदा मोजणीतले असते. साठ माणसांसाठी ठरवलेले वातानुकूलन आज तीस माणसांवर चालते, कारण उरलेली मंडळी घरून काम करतात. एका माणसाची उष्णता सुमारे १०० वॉट आणि त्याच्या संगणकाची आणखी तेवढीच किंवा थोडी जास्त धरली, तर तीस रिकाम्या खुर्च्या म्हणजे सहा-साडेसहा किलोवॉट, म्हणजे जवळजवळ दोन टनांचा भार कमी झाला. यंत्रणा तशीच राहिली तर हवा थंड होणारच. काही युनिट बंद ठेवणे, रिकाम्या भागाचे डँपर कमी करणे आणि माणसांना एका भागात एकत्र बसवणे यांनी फरक पडतो.

पावसाळ्याची गोष्ट याहून अवघड आहे. जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो अंश, २४-२५ अंशांच्या घरात असतो. त्या हवेतील पाणी काढायचे तर तिला कॉइलवर बारा-तेरा अंशांपर्यंत थंड करावे लागते. नंतर ती किंचित उबदार करून सोडण्याची व्यवस्था बहुतेक इमारतींत नसते, त्यामुळे कोरडेपणासाठी थंडी सोसावी लागते. आणि नुसते तापमान वाढवले तर ओलसर, कुबट वाटू लागते. तापमापकातील आर्द्रतेची नोंद इथे उपयोगी पडते. आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली असेल तर तापमान एक-दोन अंशांनी वाढवण्यास वाव आहे. ती आधीच जास्त असेल तर बाहेरची हवा कुठून आत येते ते पाहावे: उघडी राहणारी खिडकी, लिफ्टच्या बाजूचे सतत उघडझाप होणारे दार, फॉल्स सीलिंगमधील निसटलेला डक्ट. आणि एक साधी सूचना: भिजून आलेल्यांसाठी कपडे बदलण्याची जागा, छत्री-रेनकोट बाहेर ठेवण्याची सोय आणि कपाटात एक सुका जोड ठेवण्याची मुभा द्यावी. माझ्या पाहण्यातील एका कार्यालयात एवढ्यानेच तीनपैकी दोन हीटर परत स्टोअरमध्ये गेले.

तरीही हीटर द्यावाच लागला तर

सांध्यांचे दुखणे असणाऱ्या किंवा आजारातून उठलेल्या व्यक्तीसाठी तो कधी आवश्यक असतो. अशा वेळी तो कार्यालयाने स्वतः विकत घेऊन द्यावा, घरून आणलेला वापरू देऊ नये. आयएसआय चिन्ह पाहावे. उघड्या लाल तारेचे किंवा रॉडचे हीटर कागद, पडदे आणि ओढण्या असलेल्या जागी नकोतच. मंदपणे तापणारा तेलाचा रेडिएटर किंवा कलंडल्यास बंद होणारा, अतितापरोधक असलेला सिरॅमिक हीटर निवडावा, तोही शक्यतो १००० वॉटवर चालवावा. त्यासाठी परवानाधारक ठेकेदाराकडून भिंतीवर १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, अर्थिंगसह आणि स्वतःच्या एमसीबीवर, काढून घ्यावा. हीटरभोवती सर्व बाजूंनी तीन फूट जागा मोकळी असावी, म्हणजे बहुतेक टेबलांखालची जागा आपोआप बाद होते. वायर कार्पेटखालून नेऊ नये आणि ओले कपडे, मोजे किंवा छत्री हीटरवर वाळत घालू नये. पावसाळ्यात हा मोह सर्वांनाच होतो.

तो बंद कोणी करायचा, हेही नावानिशी ठरलेले असावे. 'शेवटचा जाईल तो' असे ठरवले की कोणीच करत नाही. जागेवरून दहा मिनिटांसाठी उठतानाही स्विच बंद करणे आणि निघताना प्लग काढणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी. ते झाले की नाही हे पाहणे सुरक्षारक्षकाच्या रात्रीच्या फेरीत लिहिलेले असावे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर आहे आणि त्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. ते प्रमाणपत्र पाइप, पंप, अग्निशामके यांच्याविषयी बोलते. टेबलाखालच्या बोर्डाविषयी नाही. म्हणून मी त्याच दोन महिन्यांत कार्यालयात स्वतंत्र फेरी मारतो. प्रत्येक टेबलाखाली आणि प्रत्येक कपाटामागे टॉर्च मारून पाहतो, परवानगी दिलेला हीटर अर्धा तास चालल्यावर वीज बंद करून प्लगला हाताचा मागचा भाग लावून पाहतो, आणि तो कोमटाहून अधिक लागला तर सॉकेट त्याच दिवशी बदलून घेतो.